भंडारा लावणारी बाई

चोरीची मेंढरं माझ्या नवऱ्यानं, अजिनाथनं कानावरच्या खुणेवरून ओळखली. त्याच्या चुलत्याची होती ती. कोर्टात त्यानं तसं सांगितलं आणि ती चोरणारे दोघे भाऊ आत गेले. अजिनाथ आठवडी बाजारात पाल टाकून जनावरांची औषधं विकतो. मोठ्यानं बोलायचीही त्याला सवय नाही. भाऊ जामिनावर सुटले, तेव्हा साक्षीदाराला बघून घेतो असा निरोप आला. तेव्हापासून जुळे सोलापुरातल्या आमच्या गॅलरीतून मी खाली थांबणारी प्रत्येक मोटारसायकल बघायची. तुला वॉचमनची नोकरी लागली की, म्हणून अजिनाथ हसायचा.

परवा दुपारी बेल वाजली. म्हातारी बाई, कपाळभर भंडारा. गावाकडच्या बिरोबाच्या देवळातून आलेय म्हणाली. मी पाळत ठेवली होती ती पुरुषांवर. बाईला दार उघडलं. तिनं माझ्या लेकीच्या, राजनंदिनीच्या कपाळाला हळद लावली. आमच्यात भंडारा लावणाऱ्या हातावर शंका घेत नाहीत. मी पाणी दिलं, चहा ठेवला. माझा लेक कुटं गेला, असं अजिनाथबद्दल तिनं सहज विचारलं आणि मी सांगून टाकलं, मंद्रूपच्या बाजारात.

चहा न घेताच ती उठली. गॅलरीतून बघते तर कोपऱ्यावर एका मोटारसायकलवर मागं बसत होती, पदर सावरत.

मी फोन केला. निघा तिथून, म्हटलं. तो म्हणाला, एवढी ओळखीची माणसं आहेत इथं, काय होतंय.

मारणारे आले तेव्हा ओळखीची माणसं आपापली पालं सोडून बाजूला झाली.

दवाखान्यात त्याचा हात प्लास्टरमध्ये होता, ओठ फाटलेला. त्यानं उलट हात उगारलाच नव्हता. मला बघून आधी विचारलं काय, तर पोरगी जेवली का. मला त्याच्याकडं बघवेना.

मारणाऱ्यांची तोंडं बांधलेली होती. तुम्ही तिथं आहात हे त्यांना कुणी सांगितलं, हवालदार विचारत होते. बाजाराचा दिवस, सगळ्यांनाच ठाऊक असतं, अजिनाथ म्हणाला. मग पुढं काही होणं अवघड, म्हणत हवालदार उठले.

"मी सांगितलं," मी म्हणाले.

"गप बस की," अजिनाथ पुटपुटला. "पोरगी हाय आपल्याला."

तो कशाला भितोय ते मला कळत होतं. उद्यापासून साक्षीदार मी. राजनंदिनी माझ्या खांद्यावर झोपली होती, तिच्या श्वासानं मान ओली झाली होती.

"एक बाई घरी आली होती," मी म्हणाले. "समोर उभी केलीत तर ओळखीन."

हवालदार परत खाली बसले. अजिनाथनं भिंतीकडं तोंड फिरवलं.