उजवीकडचा पेसमेकर

आमच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या. दाराजवळची दादाची, आतली माझी. दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. वस्तरा धरायला मला त्यानंच शिकवलं. सात वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाचे ठोके फार मंद पडायला लागले. दोनदा तो गिऱ्हाइकासमोरच चक्कर येऊन पडला, तेव्हा त्याला डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. कातडीखाली काडेपेटीएवढी डबी आणि तिच्यापासून शिरेतून हृदयात गेलेल्या दोन वायरी. मग तो ठणठणीत झाला. कोणी विचारलं तर म्हणायचा, "माझं घड्याळ डॉक्टर बघतात, तुम्ही मान खाली घाला."

गेल्या वर्षी बॅटरी संपत आली म्हणून डबी बदलली. त्यानंतर पाच महिन्यांनी, एका सकाळी सलून उघडायच्या आधी, त्यानं मला पडद्यामागे बोलावलं आणि शर्टाची बटणं काढली. डबीवरची कातडी लाल, ताणलेली. कडेला पिवळं तोंड धरलेली एक पुळी.

"कधीपासून आहे?"

"झाले पंधरा दिवस. शर्ट घासतो. ठणकतंय, जरा टोच."

"डॉक्टरांना दाखव ना."

"पुळी दाखवायला जाऊ? अर्धा दिवस मोडेल. तुझा हात हलका आहे, टोच."

मी नवं पातं काढलं, स्पिरिटनं पुसलं आणि टोक लावलं. थोडं पाणी आलं, थोडा पू आला. कापूस दाबून धरला. "मोकळं वाटलं," दादा म्हणाला. मलाही बरं वाटलं होतं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

नवव्या दिवशी एका मास्तरांची दाढी करताना दादाचे दात वाजायला लागले. त्यानं वस्तरा नीट मिटून ठेवला, मास्तरांना "एक मिनिट हं" म्हणाला आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसला. अंग भट्टीसारखं तापलं होतं. मास्तर अर्ध्या साबणाच्या तोंडानं रिक्षा आणायला धावले.

हॉस्पिटलमधल्या हृदयाच्या डॉक्टर बाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्या खाटेजवळ उभ्या राहिल्या.

"जंतू डबीभोवती आहेत आणि रक्तातही उतरलेत. नुसत्या औषधानं भागणार नाही. डबी आणि दोन्ही वायरी काढाव्या लागतील. सात वर्षांत वायरी आत चिकटून बसतात. सोडवताना शीर फाटू शकते, हृदयाला इजा होऊ शकते. क्वचित होतं, पण होतं." मग त्यांनी जखमेकडे वाकून पाहिलं. "हे फोडलं कोणी?"

मी पायथ्याशी उभा होतो, वहिनी उशाशी.

"मीच," दादा म्हणाला. "आरशात बघून."

"अक्कल कुठे ठेवली होती?" वहिनी एवढंच म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. दादानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोलायची वेळ तीच होती. मी बोललो नाही.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. दादाचं हृदय स्वतःच्या जोरावर मिनिटाला पंचवीस-तीस ठोके कसेबसे द्यायचं, त्यामुळे मानेतून एक तात्पुरती वायर घालून तिला बाहेरची डबी जोडली होती. एक वायर सहज निघाली. दुसरी निघताना हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेला ओढ बसली आणि झडप थोडी फाटली. "जीव वाचला," बाई म्हणाल्या, "पण झडप आता गळणार. किती, ते हळूहळू कळेल."

पुढचे तीन आठवडे सलाईनमधून औषध. ती बाहेरची डबी गळ्याखाली चिकटपट्टीनं लावलेली. दादा कुशीवर वळायचा नाही, खोकायचासुद्धा बेतानं. "ही सुटली तर मी सुटलो," असं तो एकदा हसत म्हणाला. वहिनी हसली नाही. रक्त स्वच्छ आल्यावर नवा पेसमेकर बसवला, या खेपेला उजवीकडे. डावी बाजू आता उपयोगाची नव्हती.

उजवा हात म्हणजे त्याचा कात्रीचा हात.

सहा आठवडे कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, असं सांगितलं होतं. दादानं कोपर चार महिने वर नेलं नाही. वायर निसटेल या धास्तीनं तो हात पोटाशी धरूनच वावरायचा, झोपायचाही तसाच. शेवटी खांदा आखडला. त्यात नव्या वायरींमुळे शिरेतला रस्ता अरुंद झाल्यानं दुपारपर्यंत हात सुजून बोटं निळसर दिसायची. झडपेच्या गळतीनं पाय सुजायचे, त्यासाठी लघवीच्या गोळ्या. तो सलूनमध्ये येऊन बसायचा आणि तासातासाला उठायचा. मधेच बोलणं थांबवून मनगटावर बोटं ठेवायचा. ओठ हलायचे. मोजून झालं की विचारायचा, "मी काय म्हणत होतो?"

वहिनीचा राग उतरला नव्हता. जेवण वाढताना, गोळ्या देताना, मोजे चढवताना तिचं एकच असायचं, "आरशात बघून." दादा खाली मान घालून ऐकून घ्यायचा.

एकदा मी त्याला सलूनमध्ये गाठलं. "दादा, मी वहिनींना सांगतो."

"काय सांगणार? टोच म्हणालो ते मी."

"पण टोचलं मी."

"हे बघ," तो म्हणाला, "माझ्यावर ती चिडेल आणि तरी मोजे चढवेल. तुझ्यावर चिडली तर घर तुटेल. मला आता नव्या कटकटी झेपत नाहीत."

मग पाचव्या महिन्यात पुन्हा ताप आला.

नवीन डबीला जंतू लागले असले, तर पुन्हा सगळं काढायचं. आणि ठेवायला आता तिसरी बाजू नव्हती. दादाला पुन्हा हॉस्पिटलात ठेवून रक्त तपासायला दिलं. पक्कं कळायला तीन दिवस लागणार होते. त्या तीन दिवसांत दादा कोणाशीच बोलला नाही. छताकडे बघत नाडी मोजत पडून राहायचा. वहिनी दर दोन तासांनी थर्मामीटर लावायची आणि आकडा मला एकट्यालाच सांगायची.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर बाईंना दारात अडवलं आणि सगळं सांगितलं. त्या क्षणभर माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

"जंतू बॅटरी बदलली तेव्हाच आत गेले असावेत. पुळी हा त्यांचाच परिणाम होता, कारण नाही. पण तिथे पातं लावायला नको होतं. त्याच दिवशी त्यांना इथे आणलं असतंत, तर कदाचित रक्तात उतरले नसते. कदाचित. खात्रीनं मी काहीच सांगू शकत नाही."

मला 'हो' किंवा 'नाही' हवं होतं. दोन्ही मिळालं नाही.

खाली कँटीनमध्ये वहिनी चहा निववत बसली होती. मी समोर बसलो. "वहिनी, ती पुळी दादानं फोडली नव्हती. मी फोडली."

तिनं कप खाली ठेवला.

"पाच महिने मी त्यांना बोल बोल बोलले, भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्यासमोर. तुम्ही जेवत होतात तेव्हासुद्धा."

"हो."

"आणि तुम्ही जेवत राहिलात."

ती उठून जिना चढून गेली. चहा तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. रक्तात काही नव्हतं. साधा छातीचा संसर्ग होता, गोळ्यांनी गेला. दादाला घरी सोडलं. वहिनी माझ्याशी बोलेना. सलूनमध्ये माझा डबा यायचा, पण त्यासोबत निरोप यायचा नाही. दादाला मात्र तिनं टोमणे मारणं बंद केलं. तो म्हणाला, "घर एकदम गप्प झालंय. मला तर जेवणच जात नाही."

सतराव्या दिवशी वहिनीचा फोन आला. "उद्या झडपेची तपासणी आहे. मला एकटीला त्या खोलीत बसवत नाही. याल का?"

गेलो. अंधाऱ्या खोलीत तंत्रज्ञ मुलगी दादाच्या छातीवर यंत्र फिरवत होती आणि पडद्यावर निळे-लाल लोट उसळत होते. आम्ही दोघं तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती एकाच जागी तीनदा थांबली. वहिनीनं पर्सचा बंद घट्ट धरला होता.

डॉक्टर बाईंनी रिपोर्ट वाचला. "गळती आहे तेवढीच आहे. वाढली नाही. वाढली तर झडपेचं ऑपरेशन करावं लागेल, आज तरी नको. खांद्याचा व्यायाम मात्र टाळू नका, वायर आता पक्की झाली आहे. तीन महिन्यांनी या."

परतताना लिफ्ट बंद होती. एक मजला उतरल्यावर दादा थांबला, कठडा धरला आणि सवयीनं बोटं मनगटावर गेली. वहिनी पायरीवर बसली, मग तो बसला, मीही त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो. लोक बाजूनं जात होते.

"किती?" वहिनीनं विचारलं.

"मोजू दे," दादा म्हणाला.

वहिनीनं आपल्या मनगटावरचं घड्याळ त्याच्यासमोर धरलं.