एका गुणालाही धावणारा झेंडा

"...जुन्या पक्ष्याचे सगळे झेंडे शनिवारी गेटवरच काढून घेणार म्हणे. आणि मग त्यांचं काय करणार, माहितेय? सगळेच्या सगळे..."

समोरच्या घरातल्या लॉर्नचं एवढं बोलणं ऐकू आलं आणि त्याच्या शेजाऱ्याने पाला उडवायचं यंत्र सुरू केलं. पुढचं सगळं त्या घरघरीत गेलं. मी कितीही फडफडलो तरी 'सगळेच्या सगळे' काय, ते काही कळेना.

मी एक झेंडा बोलतोय. विलो गल्लीतल्या अकरा नंबरच्या घराच्या ओसरीवर टांगलेला. लोकांच्या चौकशा करायची मला खोड आहे असं कुणी म्हणेल, पण ओसरीवर टांगलेल्याने कान झाकायचे तरी कशाने? कुणाच्या घरी नवा सोफा आला, कोण कुणाशी किती दिवस बोललं नाही, सगळं मला दिसतं. आणि खरं सांगायचं तर बघायला आवडतंही.

माझा जन्म शिवणयंत्रावरचा. चर्चच्या सभागृहाच्या पडद्यांतून उरलेलं मोहरीच्या रंगाचं कापड होतं, आणि ओरेस्ट बॉयचुकची एक जुनी काळी विजार. त्या विजारीतून ओरेस्टच्या बायकोने, टेक्लाने, एक क्रौंच पक्षी कापला. आमच्या शहरातल्या फुटबॉल संघाचं चिन्हच ते. शरद ऋतूत कापलेल्या गव्हाच्या शेतांत हे पक्षी हजारोंनी उतरतात, म्हणून संघाचं नावही 'क्रेन्स'.

टेक्ला सगळ्या गल्लीचे पडदे शिवायची, हात सफाईचा. पण माझ्या वेळी घाई होती, दुसऱ्या दिवशी सामना होता. तिने पक्षी कापडाच्या उलट्या बाजूने आखला, कापला, आणि दोन्ही अंगांना शिवून टाकला. सकाळी काठीला लावल्यावर ध्यानात आलं. झेंड्यावरच्या पक्ष्याने काठीकडे बघायचं असतं. माणूस काठी धरून धावला की पक्षी चोच पुढे करून उडताना दिसतो. माझ्या पक्ष्याने मात्र काठीकडे पाठ केली होती. धावलं की तो शेपटीकडून उडायचा!

"उसवते," टेक्ला म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम आहे."

"हात लावू नकोस," ओरेस्ट म्हणाला. "मागून कोण येतंय ते कुणीतरी बघायला नको?"

समोरच्या घरात लॉर्न राहायला आला तेव्हा पंचविशीचा होता. मूळचा शेजारच्या प्रांतातला, त्यामुळे त्याचा संघ आमचा हाडवैरी. तेव्हापासून आजपर्यंत, म्हणजे त्याला टक्कल पडेपर्यंत, तो ओसरीसमोरून जाताना विचारतोच, "मिसेस बॉयचुक, तुमचा पक्षी निघाला कुठं? रस्ता चुकला वाटतं!"

"तुझ्या गावाकडे बघतोय," टेक्ला म्हणते. "तिकडे काही बघण्यासारखं आहे का, शोधतोय. अजून सापडलं नाही."

स्टेडियमच्या पूर्वेच्या बाजूला आमचा रिवाज आहे. क्रेन्सनी टचडाउन केलं, म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन समोरच्यांच्या खांबांमागच्या पट्ट्यात पोचले, की कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडा घेऊन धावायचं. ते काम ओरेस्टचं. काठी म्हणजे त्याच्या जुन्या झाडूचा दांडा. बर्फावर दगड सरकवायच्या खेळात दगडापुढचा बर्फ घासायला असतो ना, तो झाडू. आणि ओरेस्ट एका गुणालाही धावायचा.

हा एक गुण फक्त आमच्याच देशातल्या फुटबॉलमध्ये. दोन खांबांमधून चेंडू लाथाडायचा असतो. तो चुकून बाजूने गेला आणि समोरच्यांना तो खांबांमागच्या पट्ट्यातून बाहेर आणता आला नाही, तर चुकणाऱ्याला एक गुण! एवढ्याशासाठी झेंडा कोणी पळवत नाही. चुकीबद्दल मिळालेल्या गुणाची मिरवणूक कसली काढायची? लोक पोट धरून हसायचे.

"गारपिटीनंतर उरलेला गहू गहू नसतो काय?" ओरेस्ट धापा टाकत विचारायचा. धान्याच्या कोठारावर जन्म गेलेला माणूस.

ओरेस्ट मार्चमध्ये गेला. ह्या मोसमात टेक्ला एकाही सामन्याला गेली नाही. मोसमभराची जोडीची दोन तिकिटं फ्रिजवर चुंबकाखाली तशीच. मी ओसरीवर, ऊन खात.

मग उन्हाळ्यात बातमी आली, चिन्ह बदलणार. नव्या चिन्हाचं चित्र वर्तमानपत्रात आलं. टेक्लाने चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं.

"तीन रेघा आहेत नुसत्या," ती लॉर्नला म्हणाली. "पाय कुठेत याचे?"

"मला टूथपेस्टची खूण वाटली," लॉर्न म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

जुन्या चिन्हाचा शेवटचा सामना ऑक्टोबरातल्या शनिवारी, दुपारी. आणि त्याच आठवड्यात ती अर्धवट अफवा माझ्या कानावर आली. टेक्लाच्याही आली, कारण तिने यंत्र बंद व्हायची वाट न बघता मला काठीसकट उतरवलं आणि ओसरीवरूनच ओरडली, "लॉर्न! शनिवारी तुझा ट्रक लागेल. तिकीटही आहे तुला. ओरेस्टचं."

"मिसेस बॉयचुक, गेटवर काढून घेणारेत, ऐकलं ना तुम्ही?"

"बघू तर खरं कोण घेतं. हा झेंडा एकदा धावणार आहे. शेवटचा. मग काय करायचं ते करा."

लॉर्न आला, तो आपल्या संघाचं निळं जाकीट घालूनच. सामना त्याच्याच संघाशी होता. टेक्लाने त्याच्याकडे पाहिलं, आणि सूर्यफुलाच्या बियांची पिशवी त्याच्या हातात कोंबली. "घे. तोंड भरलेलं राहू दे."

गेटवर बिल्ला लावलेली एक बाई उभी होती. शेजारी भलीमोठी पेटी, वर पाटी, 'जुना झेंडा द्या, नवा न्या'. पेटी अर्धी भरलेली. माझे भाईबंद घड्या न घालता आत टाकलेले. माझा तर दोरा न दोरा थरथरला.

"यांचं काय करणार?" टेक्लाने विचारलं.

"सगळे कापून एकत्र शिवणार, आजी. एकच मोठ्ठा पडदा. प्रवेशदालनात लावणार. छान दिसेल!"

"कापणार?"

"तुकडे जोडायचे तर कापायला नको का?"

"बाळ, हा मी एकदा चुकून शिवलाय," टेक्ला म्हणाली. "आता दुसऱ्या कुणी मुद्दाम चुकायची गरज नाही."

बाई हसली. "नका देऊ. सक्ती थोडीच आहे! पण काठी इथंच ठेवावी लागेल. मीटरभरापेक्षा लांब काठी आत नेऊ देत नाहीत."

टेक्ला भांडली. झाडू आहे म्हणाली, आधाराची काठी आहे म्हणाली, लंगडूनही दाखवलं. लॉर्नने तोंड फिरवून बिया चघळल्या. शेवटी काठी गेली. मी टेक्लाच्या खांद्यावर शालीसारखा आत शिरलो. झेंडा, आणि काठीशिवाय! ज्या काठीकडे जन्मभर पाठ केली तिची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

सामन्याचं काय सांगू? तिसऱ्या टप्प्यापर्यंत त्यांचे एकतीस, आमचा भोपळा. वारा असा की कॉफी कपातून तिरकी उडावी. शेवटची दोन मिनिटं उरली तोवर निम्मं स्टेडियम घरी गेलं होतं. टचडाउन होणार नाही, हे मलासुद्धा दिसत होतं. टेक्लाचे हात माझ्या कडेवरून सैल पडत चालले.

एवढ्यात भोपळा तरी फुटावा म्हणून आमच्या पोराने लांबून लाथ मारली. चेंडू वाऱ्यात वळला आणि खांबाच्या बाजूने गेला. लोकांनी कपाळावर हात मारले. पण मागच्या पट्ट्यात तो घेणारा निळ्या संघाचा गडी घसरून पडला, तो तिथेच. पंचाने एक बोट वर केलं.

एक गुण. एकतीस-एक.

टेक्ला उभी राहिली.

"मिसेस बॉयचुक, बसा," लॉर्न म्हणाला. "चुकल्याचा गुण आहे."

"मिळाला ना? मग धावायचं." तिने मला खांद्यावरून उतरवलं. पण वारा एवढा, आणि काठी नाही. एकटीच्या हातात माझी नुसती गुंडाळी होत होती. तिने माझं एक टोक लॉर्नपुढे धरलं. "धर."

"मी? या जाकिटात? माझ्या गावचे लोक बघतायत समोरून!"

"बघू देत. ओरेस्टच्या तिकिटावर आलास. धर."

त्याने धरलं. एकोणऐंशी वर्षांची बाई पुढे, मागे निळ्या जाकिटातला वैरी, आणि दोघांत ताणलेला मी, कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. धावणं कसलं, भरभर चालणंच ते. आधी लोक हसले. मग कुणीतरी ओरडलं, "ओरेस्टचा झेंडा!" आणि उरलेली पूर्वेची बाजू उभी राहिली, एकतीस-एक असताना. माझा पक्षी नेहमीसारखा शेपटीकडून निघाला होता. त्याची चोच सरळ लॉर्नकडे होती, आणि लॉर्नचे डोळे वाऱ्याने भरले होते. वाऱ्यानेच, असं तो अजून सांगतो.

आता मी पुन्हा ओसरीवर आहे, कपडे वाळत घालायच्या दोरीने कठड्याला बांधलेला. कडा विरल्यात, मोहरीचा रंग उडून गव्हासारखा झालाय. गल्लीत सगळीकडे तीन रेघांचे झेंडे लागलेत. लागू देत. पाय असलेला पक्षी या गल्लीत एकच आहे. मला उतरवायचं तर आधी टेक्लाला विचारा. आणि तिला विचारण्याआधी जरा लांब उभे राहा.

लॉर्न येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "मी म्हटलंच होतं, गेटवर काढून घेणार!" तेवढं खरं. फक्त घेतली ती काठी, आणि परतताना ती गेटवर नव्हती. झाडूचा बर्चच्या लाकडाचा दांडा, वरच्या टोकाला काळी टेप. कुणाला दिसला तर अकरा नंबरला आणून द्या.

झेंडा इथेच आहे.