कागद न कापणारी कात्री

मित्रांनो, माझी एकच मोठी फुशारकी आहे, ती आधीच सांगून टाकते. मी जन्मात कधी कागद कापलेला नाही. मी शिंप्याची जुनी कात्री आहे. अंगाने लोखंडी, वजनाने भारी आणि स्वभावाने जरा कुजकट. कुजकट का झाले, ते सांगते.

एका लोहाराने मला तापवून, ठोकून घडवले आणि घडवले ते उजव्या हातासाठी. माझी एक कडी अंगठ्याच्या वळणाची, दुसरीत बाकीची बोटे मावतात. डाव्या हाताने मला चालवू गेले तर माझी पाती एकमेकींपासून फाकतात आणि कापड नुसते चावले जाते. तेव्हा मला हे दुखणे वाटले नव्हते. आमच्या टेलर मास्तरांचा उजवा हात आणि मी, आम्हा दोघांत तिसऱ्याला जागाच नव्हती.

मास्तरांचे दुकान एका खोलीचे. पुढे कापायचे टेबल, त्याच्या कडेला शिवणयंत्र, मागे पडद्याआड कपडे घालून बघायची जागा. गिऱ्हाईक म्हणायचे, "मास्तर, काय सुरेख हात चालतो तुमचा!" मास्तर म्हणायचे, "हात कुठला, कात्री चालते." मी फुगून जात असे. कुणी एखादे पाकीट फोडायला मला उचलले की मास्तर लांबूनच ओरडत, "ए, ठेव ती! कागदाने धार जाते तिची." अशी माझी ऐट होती.

मग एका सकाळी मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. काही दिवस दुकान बंद होते. मास्तर परत आले तेव्हा बोलणे परत आले होते, पायही बऱ्यापैकी परत आला होता. उजवा हात मात्र नुसता खांद्याला होता. मला खिळ्याला टांगले गेले आणि तिथेच मी राहिले.

दुकान आता मास्तरांची बायको सांभाळू लागली. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणते, म्हणून मीही म्हणते. वहिनी पॅन्टची लांबी कमी कर, चेन बदल, उसवलेले शिव, अशी कामे करत. त्यात भाडे सुटत नव्हते. मास्तरांना अपंगत्वाचा भत्ता मिळू लागला म्हणून शटर वर जात होते.

याच सुमारास ती दुकानात आली. लाल प्लॅस्टिकच्या मुठीची, बोटभर पात्याची कात्री! वहिनींनी तिला वह्या-पेन्सिलींच्या दुकानातून दोरे तोडायला आणली होती. दोन्ही हातांना सारखीच चालते म्हणे. आणि एके दिवशी मास्तरांनी डावा हात पुढे करून तिला उचलले. रद्दीच्या कागदावर ते रेघेवरून कापायचा सराव करू लागले. मित्रांनो, माझ्या अंगाचा नुसता जळफळाट झाला. ज्या माणसाने मला कधी कागदाला लावले नाही, तो तिच्याकडून दिवसभर कागद कापून घेतो आणि वर म्हणतो, "छान चालतेय हं ही!" मी खिळ्यावरून बघत होते. करणार काय?

त्यात भत्ता कार्यालयाची पत्रे यायला लागली. पहिल्या पत्रात भत्ता मंजूर होता. दुसऱ्यात तो तात्पुरता मंजूर होता. तिसरे चांगले लांबलचक आले, त्याचा शेवट मास्तरांनी मोठ्याने वाचला. "परिच्छेद दोनमधील लाभ हा परिच्छेद पाचमधील अपवाद वगळता परिच्छेद तीननुसार देय राहील. तथापि आपला व्यवसाय चालू असल्याचे आढळल्याने आपण कामास सक्षम आहात, सबब भत्ता बंद करण्यात येत आहे."

"म्हणजे मिळणार की नाही मिळणार?" वहिनींनी विचारले.

"देय राहील म्हणतात आणि बंदही म्हणतात."

"अहो, पण व्यवसाय तर मी चालवते ना!"

"ते मला माहितीय गं. यांना कोण सांगणार?" मास्तरांनी पत्र पुन्हा वाचले आणि वैतागले. "अगं, यांनी कॉलर पायाला लावलीय आणि बाही खिशातून काढलीय. हे असं वाचून नाही कळायचं. सुटं करून मांडलं पाहिजे."

आणि तुम्ही ओळखलेच असेल, कुणाला बोलावणे गेले ते. लाल मुठीच्या राणीसरकारांना! मास्तरांनी डाव्या हाताने पत्राचे एकेक कलम कापून वेगळे केले. वहिनी ते तुकडे टेबलावर टाचणीने लावू लागल्या. आधी पाचवे, त्याखाली तिसरे, मग दुसरे. शर्टाचे भाग मांडावेत तसे पत्र मांडले गेले. आणि खरेच, अर्थ लागला! अर्थ एवढाच होता, की काम करणाऱ्याला भत्ता नाही आणि मास्तर काम करतात असा कुणीतरी शेरा मारला आहे.

"मग संपलंच," मास्तर म्हणाले. "दुकान सोडावं लागेल. यंत्र, टेबल, सगळंच विकायचं." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि नजर काढून घेतली.

वहिनी टाचण्या काढू लागल्या. एक तुकडा त्यांच्या हातातून उलटा पडला.

"अहो, याच्या पाठीवर पण लिहिलंय!"

"काय?"

"अहो, पाठीवर! सगळ्या तुकड्यांच्या पाठीवर!"

मित्रांनो, ही चूक फक्त शिंप्याच्या घरातच होऊ शकते. कापड सुलट बाजूने बघायचे, उलट बाजू आत जाते, ती कुणी बघत नाही. जन्मभराची सवय ही. दोघांनीही पत्र पालथे करून पाहिलेच नव्हते आणि पाठीवरच्या मजकुराच्या आता आडव्या चिंध्या झाल्या होत्या. मला काय उकळ्या फुटल्या म्हणून सांगू! बघा, म्हटले, लाडकीचे प्रताप! कपाळावर हात मारणाऱ्या त्या दोघांचा मी विचारही केला नाही. त्या प्लॅस्टिकच्या मुठीचे तोंड कसे पडले, एवढेच बघत होते.

वहिनींनी तुकडे पालथे जुळवले. पाठीवर लिहिले होते, की वरील निर्णय मान्य नसल्यास हेच मूळ पत्र महिनाअखेरीच्या आत कार्यालयात दाखवून फेरतपासणी मागावी. तपासणीस येताना आपल्या कामाचे साधन सोबत आणावे.

"मूळ पत्र," मास्तर म्हणाले. "मूळ राहिलंय कुठे?"

"थांबा." वहिनींनी सगळ्यांत बारीक सुई काढली. गोंद लावला तर पाठीवरची अक्षरे झाकली असती. म्हणून त्यांनी काठाला काठ भिडवून, अक्षरे चुकवत, पत्र टाक्या-टाक्याने शिवून काढले. मला तेव्हा सुईचाही हेवा वाटला. सगळ्यांना काम होते, मी सोडून.

भत्ता कार्यालयात काय झाले ते वहिनींनी घरी येऊन नक्कल करून सांगितले. खिडकीतल्या कारकूनबाईंनी पत्र दोन बोटांत उचलून धरले. "हे पत्र आहे की पिशवी?"

"पत्रच आहे, ताई. चुकून कापलं, म्हणून शिवलं. एकही अक्षर सांडलेलं नाही, मोजून घ्या."

बाईंनी पत्र पुढून पाहिले, मागून पाहिले आणि हसू दाबत शिक्का मारून दिला. तपासणीची तारीख मिळाली.

आणि कामाचे साधन म्हणून वहिनींनी खिळ्यावरून मला काढले. मला! लाल मुठीवाली ड्रॉवरमध्ये पडून राहिली. मी पिशवीत बसून निघाले तेव्हा तिच्याकडे वळूनही पाहिले नाही.

तपासणीची खोली पांढरी होती. डॉक्टरांनी एक कोरा कागद मास्तरांपुढे सरकवला. "उजव्या हाताने कापून दाखवा."

मास्तरांनी मान हलवली. "हिने कागद कापत नाही आम्ही, साहेब."

"म्हणजे तुम्हाला कापायचंच नाही?"

वहिनींचा चेहरा उतरला. "अहो, कापा ना," त्या हळूच म्हणाल्या. "आज तरी कापा."

"हिला कागद लावायचा नाही," मास्तर म्हणाले. "कापड द्या. कापडावर दाखवतो."

वहिनींनी घाईघाईने आपला हातरुमाल टेबलावर पसरला. मास्तरांनी डाव्या हाताने आपली उजवी बोटे एकेक करून माझ्या कड्यांत घातली. किती दिवसांनी मला तो हात भेटला! अंगठ्याचा घट्टा अजून तसाच होता. मला इतके वाटत होते, की यांनी मला पकडावे. आणि हेही कळत होते, की पकडले तर दुकान गेले. मास्तरांनी जरासुद्धा खोटे केले नाही. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. ते मनापासून मला मिटू पाहत होते आणि मीही मिटू पाहत होते. मग बोटे सैल झाली, कड्या निसटल्या आणि मी फरशीवर पडले.

डॉक्टरांनी स्वतः वाकून मला उचलले, मुठीची बाजू पुढे करून वहिनींना दिले आणि लिहायला बसले.

पुढचे पत्र आले ते मास्तरांनी आधी पालथे करून पाहिले. पाठ कोरी होती. पुढे लिहिले होते, भत्ता पूर्ववत चालू. त्याच दिवशी मास्तरांनी मला वहिनींच्या उजव्या हातात ठेवले. "आता तू शिक. खुणा मी करतो." मी वहिनींच्या हाताला जड जाते, त्यांनी कडीला मऊ चिंधी गुंडाळली आहे. मास्तर डाव्या हाताने खडूची रेघ ओढतात आणि आम्ही दोघी त्या रेघेवरून जातो. रेघ थोडी वाकडी असते. मी ती सांभाळून घेते.

लाल मुठीवाली अजून दुकानात आहे. पाकिटे फोडायला मास्तर तिलाच हातात घेतात आणि मी अजूनही तिच्यावर जळते. ते काही सुटलेले नाही.

तेव्हा मित्रांनो, घरी असे अवघड पत्र आले तर घाबरून पहिल्याच बाजूवर थांबू नका, उलटून बघा आणि नाही कळले तर कार्यालयाच्या खिडकीपाशी जाऊन विचारा. आणि तुमच्याकडे एखादी जुनी शिवणाची कात्री असेल तर तिला तेल द्या, कोरडी ठेवा. तिने कागद मात्र कापू नका. दुकान जायची वेळ आली होती, तेव्हाही आमच्या मास्तरांनी कापला नाही.