बापाच्या रकान्यातले नाव

मित्रांनो, मी घोड्यांच्या वंशावळीची एक जुनी वही आहे. माझ्यातले अक्षर फार सुंदर आहे, म्हणून लोक मला उघडून पाहतात. मला मात्र उघडले की लाज वाटते.

१९६० साली सोलापूरच्या एका बाइंडरने मला गिरणीच्या लाल कापडात बांधले आणि अक्कलकोटकडच्या एका गावातल्या गुरुसिद्धप्पांनी मला घरी नेले. त्यांच्याकडे पैदाशीचे दोन घोडे होते, बिजल्या आणि पाखऱ्या. टांगेवाले आणि शेतकरी आपल्या घोड्या दोन-तीन आठवडे त्यांच्याकडे सोडून जात. पुढे शिंगरू झाले की गुरुसिद्धप्पा माझ्यात त्याचा जन्म, रंग, आई आणि बाप लिहीत. एकदा गुरांच्या प्रदर्शनात एका सरकारी साहेबांनी मला हातात धरून सगळ्यांना दाखवले. अशी वही जिल्ह्यात नाही, असे ते म्हणाले, आणि मी फुगून गेले.

मग पाखऱ्याला मोठा ताप आला. तो जगला, पण त्याच्यापासून एकही घोडी गाभण राहीना. पाखऱ्या गुरुसिद्धप्पांच्या वडिलांनी वाढवलेला, पंचक्रोशीत नावाजलेला घोडा. तो वांझ झाला हे लोकांना सांगायला त्यांची जीभ वळेना. पाखऱ्यासाठी आलेली घोडी ते पहाटे गुपचूप बिजल्याला दाखवत आणि बापाच्या रकान्यात पाखऱ्या लिहीत. पहिल्यांदा लिहिताना त्यांचा हात थांबला होता. नंतर थांबला नाही.

अशी दहा वर्षे गेली. बिजल्याच्या लेकी माझ्या पानांवर पाखऱ्याच्या लेकी म्हणून मोठ्या झाल्या आणि पुन्हा बिजल्याकडेच आल्या.

१९७५ साली जनावरांच्या डॉक्टर यशोदाबाई पुजारी आल्या. या भागातल्या घोड्यांचे रक्त किती वेगवेगळे उरले आहे, हे त्यांना मोजायचे होते. ओट्यावर मोठा कागद पसरून त्या माझ्यातली नावे झाडासारखी मांडू लागल्या. आईकडून आणि बापाकडून मागे जात राहायचे, दोन्हीकडे एकच पूर्वज किती वेळा भेटतो ते पाहायचे. जितका जास्त भेटेल तितके पिलू अशक्त व्हायचा धोका, असे त्यांनी गुरुसिद्धप्पांना आणि त्यांच्या बायकोला, चंद्रव्वांना समजावले. आठ दिवसांनी उत्तर आले, एकच रक्त दोन्हीकडून येण्याचे प्रमाण सरासरी शंभरात दोन. बाई खूश झाल्या.

त्याच दिवशी मंगळवेढ्याचे महिपती आपली लाखी नावाची घोडी घेऊन आले होते. हिला कोणता घोडा द्यावा, असे त्यांनी विचारले. बाईंनी माझ्या पानावर बोट ठेवले. "ही पाखऱ्याची लेक. बिजल्याकडे द्या, काही धोका नाही."

गुरुसिद्धप्पा शेजारीच उभे होते. ते तंबाखू मळत राहिले. मी कागदाची, मला कुठे बोलता येते?

अकरा महिन्यांनी लाखी व्याली. शिंगराचा खालचा जबडा आखूड होता आणि वरचा पोपटाच्या चोचीसारखा पुढे आलेला. त्याला दूध ओढता येईना. महिपतींनी बाटलीने पाजून पाहिले. अकराव्या दिवशी शिंगरू गेले.

बाईंना कळवून महिपती घोडीसह चालत आले. बाईही आल्या. महिपती रागावले नव्हते. मान खाली घालून ते म्हणाले, "बाई, तुमचं गणित बरूबरच असंल. माज्या घोडीतच खोट हाय. इकून टाकतो तिला."

चंद्रव्वांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिले. "तुमी सांगताय, का मी सांगू?"

गुरुसिद्धप्पांनी हातातली तंबाखू झटकून टाकली. मग म्हणाले, "घोडीत खोट न्हाय, महिपती. ती बिजल्याचीच लेक हाय. पाखऱ्यापासनं धा-अकरा वर्सांत एक बी शिंगरू झालं न्हाय. मी खोटं लिवलं."

"मी इचारलं तवा तुमी हितंच हुता की," एवढेच महिपती बोलले आणि लाखीला घेऊन निघून गेले.

त्या दुपारी चंद्रव्वांनी आठवून आठवून सांगितले आणि बाईंनी तांबड्या पेन्सिलीने एकेचाळीस नावे दुरुस्त केली. नवे उत्तर आले, शंभरात सोळा. लाखीच्या शिंगराचे पंचवीस. "मी अक्षराला भुलले," बाई म्हणाल्या. "बाकीच्या शिंगरांचे जबडे एकदा पाहायला हवे होते. एकाच रक्ताचा दोष तिथे आधीच दिसला असता."

बाहेरगावाहून नव्या रक्ताचे दोन घोडे आणले गेले. एकेचाळीस घरी गुरुसिद्धप्पा स्वतः चालत जाऊन खरे सांगून आले. काहींनी शिव्या दिल्या. मंगळवेढ्यात महिपतींनी त्यांना पाणी दिले, पण घोडी पाहू दिली नाही.

आता मी जनावरांच्या दवाखान्यातल्या एका कपाटात असते. शिकाऊ डॉक्टर येतात, आधी अक्षराचे कौतुक करतात, मग तांबड्या खुणा मोजू लागतात. कौतुक मला नकोसे होते.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी अशी वही येईल. वही नीट ठेवा, अक्षर वळणदार काढा. पण जे सांगवत नसेल तिथे दुसरेच काही लिहू नका, तो रकाना कोरा सोडा. कोऱ्या रकान्यावर विसंबून कोणी आपली घोडी सोपवत नाही.