हद्दीवरचा मालधक्का आणि मी

मित्रांनो, मी लेव्हलची जुनी दुर्बीण आहे आणि सध्या मला माणसांची किळस आली आहे. असे बोलू नये हे मला कळते. पण काय घडले ते ऐका, मग ठरवा.

जमीन कुठे उंच आणि कुठे सखल हे मी सांगते. तिपाईवर मला बसवतात, माझ्यातला पाण्याचा बुडबुडा मधोमध आणतात आणि दूर उभ्या धरलेल्या पट्टीवरचा आकडा माझ्या भिंगातून वाचतात. जुन्या घडणीची असल्यामुळे माझ्यातून माणूस डोके खाली, पाय वर असा दिसतो. पट्टीवरचे आकडे मुद्दाम उलटे रंगवतात, त्यामुळे आकडा मात्र कधी उलटा होत नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी बेलापूरच्या सूर्यभानरावांकडे आले. ते खाजगी मोजणीदार. तीस वर्षे आम्ही दोघांनी कालव्याच्या चाऱ्या, पाटाच्या मोऱ्या, साखर कारखान्यांचे रस्ते मोजले. रोज काम संपले की ते धोतराच्या मऊ तुकड्याने माझे भिंग पुसत. लोक म्हणत, "सूर्यभानरावांच्या दुर्बिणीने पाणी जाईल म्हटलं की पाणी जातं." तेव्हा मला फार अभिमान वाटे.

मग मालधक्क्याचे काम आले. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर हद्दीवर रेल्वेचे एक फाटक आहे. तिथे रूळ आणि मोठा रस्ता एकमेकांना छेदतात. कांदा, साखर, खत ट्रकमधून उतरवून थेट वॅगनमध्ये भरता यावे म्हणून तिथे मोठा मालधक्का करायचा ठरले. आराखड्याचे काम आप्पासाहेब नावाच्या सल्लागारांकडे होते. त्यांनी नकाशा आधीच रंगवून आणला होता. मोजणी नंतर.

फाटकाजवळून एक ओढा जातो. तीच दोन जिल्ह्यांची हद्द. आपल्या जिल्ह्याच्या नकाशात तिथे हद्दीची तुटक रेघ होती आणि शेजारच्या जिल्ह्याच्या नकाशातही तुटक रेघच होती. ओढा कुणीच काढला नव्हता.

पट्टी धरायला ओढ्याकाठच्या वस्तीवरच्या रतनबाई आल्या. पन्नाशीच्या, सडसडीत, पट्टी खांबासारखी सरळ धरणाऱ्या. वस्तीवर चाळीस घरे. दुपारी त्या सूर्यभानरावांना ओढ्यावरच्या मोरीच्या दगडाकडे घेऊन गेल्या.

"भाऊ, हितवर पानी आलं हुतं. ही खून माज्या सासऱ्यानं छिन्नीनं केली. तुमी भराव टाकून वढा दाबला, तर पानी जाईल कुठं? आमच्या घरातच की."

"मोजून बघू, रतनबाई," सूर्यभानराव म्हणाले.

त्यांनी खुणेवर पट्टी धरायला लावली, मग मालधक्क्याची शेड होणार होती त्या जागेवर. मी सांगितले: शेडची जागा पुराच्या खुणेच्या दीड मीटर खाली आहे. सूर्यभानरावांनी तीनदा वाचले आणि तीनदा तेच लिहिले.

संध्याकाळी सूर्यभानरावांच्या कचेरीत मी टेबलावरच होते. आप्पासाहेबांनी वही चाळली.

"सूर्यभानराव, ही पुराची खूण दोन मीटर खाली घ्या."

"साहेब, दगड तिथंच आहे."

"दगड कोण बघायला जातंय? शिवाय ओढा पलीकडच्या जिल्ह्यात धरलाय आपण. धक्क्याच्या आखणीचं सगळं काम तुम्हालाच द्यायचंय मला."

सूर्यभानरावांनी वहीतले ते पान फाडले आणि नव्या पानावर दुसरा आकडा लिहिला. माझे भिंग पुसणाऱ्या त्याच हाताने लिहिला. मित्रांनो, माझ्यावर चिखल उडाला आहे, गाढवाने मला लाथ मारली आहे, पण इतके घाण मला कधीच वाटले नव्हते.

महिन्याने गावच्या शाळेत जनसुनावणी झाली. जिल्हा कचेरीतल्या एक अधिकारी बाई आल्या होत्या. दिखाव्यासाठी मलाही टेबलावर मांडले होते. आप्पासाहेबांनी रंगीत नकाशा दाखवला आणि पुराचा धोका नाही असे सांगितले. तेव्हा रतनबाई उभ्या राहिल्या.

"म्या सोता पट्टी धरली हुती. भाऊंनी आकडा मोठ्यानं वाचला, दीड मीटर खाली. आता हे निराळंच सांगत्यात. भाऊ, तुमीच सांगा, म्या पट्टी कुठं धरली हुती?"

अधिकारी बाई सूर्यभानरावांकडे वळल्या. सूर्यभानरावांनी रतनबाईंकडे पाहिले, आप्पासाहेबांकडे पाहिले, आणि शेवटी माझ्याकडे पाहिले.

"यंत्र जुनं आहे, मॅडम," ते म्हणाले. "वहीतला आकडा चुकला असेल."

"मग नव्या यंत्राने पुन्हा मोजा. तोपर्यंत आराखडा थांबवा," बाई म्हणाल्या.

नवे यंत्र आले. त्याने तेच सांगितले जे मी सांगितले होते, दीड मीटर. पण माझे पान फाडलेले होते आणि वहीत माझ्या नावावर खोटा आकडा होता, मग ते रतनबाईंशिवाय कुणाला कळणार? मालधक्का पूर्वेच्या उंच माळावर सरकला. वस्ती वाचली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण भूमिपूजनाला शाल आणि नारळ घेत आप्पासाहेब म्हणाले, "जुन्या यंत्राची चूक आम्ही वेळीच हेरली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूर्यभानरावही टाळ्या वाजवत होते.

कार्यक्रमानंतर रतनबाईंनी त्यांना गाठले.

"भाऊ, घरं वाचली, तुमचे उपकार हायेत. पन यंत्राचं नाव कशापाई घेतलं?"

"ते यंत्र आहे, रतनबाई. त्याला काय वाटणार? माणसाचं नाव घेतलं असतं, तर माणूस आयुष्यातून उठला असता."

"तुमचंच घ्यायचं हुतं की," रतनबाई म्हणाल्या आणि वस्तीच्या वाटेला लागल्या.

त्यानंतर सूर्यभानरावांनी मला एकदाही हातात घेतले नाही. मी आता कचेरीच्या माळ्यावर मोडक्या खुर्च्यांखाली आहे. भिंगाला बुरशी धरली आहे. तिपाई कुणीतरी पडदा टांगायला नेली.

मित्रांनो, तुमच्या घरी तराजू असेल, घड्याळ असेल, ताप मोजायची नळी असेल. त्यांना पुसा, जपा. त्यांनी सांगितलेले आवडले नाही, म्हणून त्यांना वेडे ठरवू नका. आणि चूक तुमच्या हातून झाली, तर स्वतःचे नाव घ्या. आमचे घेऊ नका, आम्हाला उलट बोलता येत नाही.