हाज्जा बहीय्यांचं सब्र

इजिप्तमधल्या दुम्यातच्या ज्या गल्लीत घरटी खुर्च्या बनतात, तिथं हाज्जा बहीय्यांचा शब्द सहसा खाली पडत नसे. एक तर त्यांचा दरारा, आणि दुसरं म्हणजे खाली पडायला जागा नसे, सगळीकडे खुर्च्या. त्यांनी एका सकाळी जिन्याखाली उभं राहून वरच्या मजल्याला कळवलं, की नात शहद हिचं अंगावरचं पिणं येत्या शुक्रवारपासून बंद.

"दोन वर्षं झाली तिला," त्या म्हणाल्या.

वर त्यांची सून इन्शिराह एका खुर्चीच्या गादीला टाके घालत बसली होती. शहद तिच्या मांडीवर आडवी होऊन पीत होती. पिता पिता तिनं एक पाय वर करून अंगठा आईच्या हनुवटीला टेकवला होता, जणू आई कुठं उठून जाईल.

"थोडे दिवस बाकी आहेत अजून, हाज्जा."

"ते तुझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात. चंद्रावर मोज, केव्हाच झाली. मी गप्प बसले हा माझा मोठेपणा."

हाज्जांचा मोठेपणा त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता, कारण त्या स्वतःच वेळोवेळी आठवण करून देत. मूल सोडवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. सकाळी कडू लावायचं, दुपारी पोराच्या हातात उकडलेलं अंडं द्यायचं, रात्री त्याला आपल्या कुशीत घेऊन झोपायचं, आणि काय रडायचं ते रडू द्यायचं.

"तुझ्या नवऱ्याला, मुतवल्लीला, मी एका दिवसात सोडवला. संध्याकाळी हा माणूस वाडगाभर उसळ खाऊन मोकळा."

"म्हणूनच अजून प्रत्येक घास हुंगून मग तोंडात घालतात," इन्शिराह टाक्याकडे बघत म्हणाली. पण हळू; जिन्यात आवाज फार घुमतो.

खरं तर इन्शिराहलाही थांबायचं होतं. दोन वर्षं तिची पाठ एका कुशीवर आखडून गेली होती. रात्री शहद डोळे न उघडता, अंधारात चपला शोधाव्यात तशी चाचपत यायची, दोन घोट प्यायची आणि झोपायची; पुन्हा यायची. आईचं झोपणं म्हणजे दोन पिण्यांमधली सुट्टी. पण आपल्या लेकीनं आपण होऊन उठावं, पोटभर जेवलेला पाहुणा हात पुसत उठतो तसं, असं तिला मनापासून वाटत होतं. तिच्या बहिणीनं अलेक्झांड्रियात छातीला कॉफीचा साका फासला होता, तेव्हा भाचा आठवडाभर आईला बघून पडद्यामागं लपत होता. त्या पडद्याखाली दिसणारे दोन पाय इन्शिराह विसरली नव्हती. शहदनं आपल्याकडे तसं एकदाही बघू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

म्हणून तिनं कायद्याचा मुद्दा काढला. "कुराणात म्हटलंय, सोडवायचं ते आईबापांनी एकमेकांचा सल्ला घेऊन, राजीखुशीनं. त्यांना विचारायला हवं."

हाज्जा अडल्या. मुतवल्लीला काही विचारायचं असतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मुतवल्ली उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, खुर्च्यांना लाखेचं पॉलिश करायचा. गल्लीत त्याच्यासारखी चकाकी कुणाला साधत नसे. दोन वर्षांत तो रात्री एकदाही जागा झाला नव्हता, आणि "आपली शहद किती शांत झोपते" असं कारखान्यात सांगत असे. लग्न झाल्यापासून प्रथमच घरातल्या दोन बायका त्याच्या मताची वाट पाहत समोर बसल्या, तेव्हा तो इतका घाबरला की त्यानं चहात मीठ घातलं.

"बोल," आई म्हणाली.

"बोला," बायको म्हणाली.

"हा रंग असा आहे," तो बराच विचार करून म्हणाला, "की वरचा हात मारण्याआधी खालचा सुकू द्यावा लागतो."

"म्हणजे हो की नाही?"

"म्हणजे... आत्ता ओलं आहे."

त्याचा अर्थ दोघींनी आपापल्या सोयीनं घेतला, आणि त्यानं तो खारट चहा मुकाट्यानं संपवला.

प्रकरण शुक्रवारपर्यंत पोचलंच नाही. गुरुवारी पोर्ट सईदहून फोन आला, की हाज्जांच्या धाकट्या लेकीचे दिवस भरत आले आहेत. हाज्जा तासाभरात गाठोडं बांधून मायक्रोबसमध्ये चढल्या. गाडी हलली तशी त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"पोरी, सब्र," त्या ओरडल्या. "बाकी कुणाचं काही ऐकू नकोस. नुसतं सब्र. सुरुवातीला कडू वाटतं, पण गुण येतो. मी चारही पोरं सब्रवरच सोडवली."

आता दुम्यातच्या काष्ठौषधीवाल्याकडे कोरफडीचा वाळवलेला रस मिळतो. आपल्याकडचा काळा बोळ, तोच. त्यालाही सब्र म्हणतात, आणि हाज्जांच्या पिढीत पोरं त्यानंच सोडवत. पण इन्शिराह पडली अलेक्झांड्रियाची. तिच्या माहेरी कॉफी. तिला सब्र म्हणजे सब्र तेवढं माहीत, धीर धरणं. ती गाडीच्या धुरात उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जी बाई चहा उकळेपर्यंत तीन वेळा झाकण काढून बघते, तिनं चार मुलं धीरानं सोडवली. आपण किती चुकीचं ओळखलं माणसाला, असं तिला वाटलं, आणि सासूबद्दल त्या दिवशी ती गल्लीत चार चांगले शब्द बोलली. गल्ली काळजीत पडली.

मग इन्शिराहनं खरोखरच सब्र धरलं. मागितलं तर नाही म्हणायचं नाही, नाही मागितलं तर आठवण करून द्यायची नाही. दुपारचं पिणं आधी गेलं. त्या वेळी खाली नव्या खुर्च्या ओळीनं ठेवत आणि प्रत्येकीवर बसून पाहणं हे शहदचं काम झालं. संध्याकाळचं पिणं मुशब्बकनं नेलं. मुतवल्ली कधी कधी येताना आणायचा, आपल्या जिलबीची चुलतबहीण, पण बोलायला जास्त कुरकुरीत. राहिलं पहाटेचं. पोर चाचपत यायची, पण आता एखाद्या रात्री हात पोचायच्या आतच झोप तिला गाठायची, आणि तो हात आईच्या कानावर तसाच राहायचा.

पोर्ट सईदहून रोज फोन.

"सब्र चालू आहे ना?"

"चालू आहे, हाज्जा. तुम्ही म्हणालात तसंच."

"भरपूर ना? हात आखडू नकोस."

"जेवढं आहे तेवढं सगळं."

"तोंड वाकडं करते का?"

"कोण, शहद? नाही हो, हसते."

"हसते? आमच्या घराण्याचं रक्त आहे," हाज्जा म्हणाल्या, आणि बाळंतिणीच्या साऱ्या पाहुण्यांना त्यांनी ही हकीकत सांगितली.

नातू झाला, त्याचा सातवा दिवस झाला, आणि हाज्जा न कळवता परतल्या. वर आल्या तर शहद मांडीवर आडवी, अंगठा हनुवटीला.

"हे काय? आणि सब्र?"

"धरलंय की, हाज्जा."

"धरलंय? अगं, लावायचं असतं ते."

एका वाक्यात सगळा उलगडा झाला. हाज्जांनी कपाळाला हात लावला आणि दुसरा हात पिशवीत घातला. पोर्ट सईदच्या लेकीसाठी म्हणून ती काळी ढेप त्यांनी दूरदृष्टीनं आत्तापासूनच घेऊन ठेवली होती. तिचं बाळ दहा दिवसांचं होतं. "बघ, मी आले आहे. एका बोटाचं काम."

इन्शिराहला नाही म्हणायचं होतं. पण इतक्या आठवड्यांच्या गोड फोननंतर ते बरं दिसेना. शहद पिशवीकडे वळून बघत होती तेवढ्यात हाज्जांनी बोट ओलं केलं, ढेपेवर फिरवलं आणि लावून टाकलं. शहद पुन्हा वळली, ओठ लावले, आणि थांबली. तिचं सबंध तोंड नाकाकडे गोळा झालं. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग आजीकडे, आणि मांडीवरून उतरून सरळ जिन्यानं खाली चालू लागली.

इन्शिराहला तो पडदा आठवला.

"बघितलंस?" हाज्जा म्हणाल्या. "एका बोटाचं काम."

खालून पावलं परत वर आली. शहदच्या हातात बापाचं फडकं होतं; दोरीवरचं, नुकतंच धुतलेलं. ती आईसमोर उभी राहिली, जवळ जाऊन 'हाः' करून वाफ सोडली आणि गोल गोल हात फिरवून पुसू लागली, शेवटचा हात मारताना उस्ता मुतवल्ली पुसतो तसं. मग मान तिरपी करून उजेडात पाहिलं. चकाकी पसंत पडेना; पुन्हा 'हाः', पुन्हा फडकं. समाधान झालं तेव्हा फडक्याची नीट घडी घालून आजीच्या हातात दिली, आणि मांडीवर चढून प्यायला लागली.

हाज्जा भिंतीला टेकून बसल्या. पहिल्यांदा त्यांचे खांदे हलले, मग पोट, मग जिना घुमायला लागला. मुतवल्ली ब्रश हातात घेऊन धावत वर आला.

"आई, काय झालं?"

"काही नाही," हाज्जा डोळे पुसत म्हणाल्या, त्याच फडक्यानं. "सल्लामसलत चालली होती. हिनं आपलं मत दिलं. तुझ्यापेक्षा स्पष्ट बोलते."

त्यानंतर जिन्यातून हुकूम आला नाही. हाज्जा रोज वर येऊन बसत आणि नातीचं पिणं चालू असलं तर दुसरीकडे बघत, पण कान इकडे.

मग एका सकाळी शहद आली, दोन घोट घेतले आणि सोडून दिलं. बाहेर खुर्च्या उतरवत होते. तिनं तिकडे कान दिला. मग आईकडे वळून "खलास" म्हणाली, तिला एकदा थोपटलं, आणि आईच्या झग्याचं बटण लावायला घेतलं. बोटं लहान, काज घट्ट. बराच वेळ लागला. इन्शिराहनं हात मागं धरून ठेवले. बटण शेवटी लागलं ते दुसऱ्याच काजात, आणि शहद हसत हसत, प्रत्येक पायरीला बसत, खाली गेली.

"झगा वाकडा झालाय तुझा," हाज्जा म्हणाल्या.

"असू दे, हाज्जा," इन्शिराह म्हणाली. ती दिवसभर तशीच वावरली. संध्याकाळी बाजारातही तशीच गेली, आणि वाटेत ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्या प्रत्येकाला थांबून, बटण कुणी लावलं ते सविस्तर सांगितलं.