अर्धं साफ केलेलं हाड

आबांच्या तेराव्याचे पाहुणे पांगले तशी आईनं न्हाणीमागून खताची गोणी ओढत आणली आणि ओसरीवर माझ्यापुढं ठेवली.

"घे तुझी हाडं. तुझे आबा कुणाला हात लावू देत न्हवते."

वालूरच्या आमच्या रानात शेततळं खोदताना ती निघाली होती, दोन हजार वर्षांपूर्वीच्या खापरांसोबत. आबांनी फोन केला तेव्हा आवाजात आनंद मावत नव्हता. "घोडा हाय बघ, शुभे. पूजा करून पुरला असल."

जुन्या हाडांवरच्या कापल्याच्या खुणा पाहून त्या जनावराचं काय झालं ते सांगणं, हे पुण्यात माझं काम. मी एवढंच विचारलं, की हाडांना हात लावलात का.

"खुरप्यानं माती काढायलोय. तू येईस्तोवर लखलखीत करतो."

"ठेवा ते खाली. अडाण्यासारखं करू नका, आबा. सगळ्या खुणा घालवाल."

"बरं," ते म्हणाले. आमचं शेवटचं बोलणं ते. दीड महिन्यात मला यायला जमलं नाही, आणि मग ते गेले.

मला बघायचं होतं, त्यांनी खरंच काही घालवलं होतं का.

प्रत्येक हाड जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं होतं. सगळ्यांवर मातीचं कवच तसंच होतं. फक्त पायाची एक नळी अर्धी साफ होती. बैलाची नळी खाली दोन टोकांत फुटते; ही एकाच टोकाची. घोडाच होता. साफ भाग जिथं संपत होता, तिथं बांधासारखी सरळ रेघ होती. फोनवर माझा आवाज चढला तेव्हा त्यांचा हात थांबला तो तिथं.

साफ भागावर भिंग धरलं. खुरप्याचे रुंद ओरखडे, आत ओल्या खोबऱ्यासारखे पांढरे. जुनी खूण हाडाच्याच रंगाची असते; तशी एकही नव्हती.

उरलेली माती धुतल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हतं. धुतलं की बांधासारखी ती रेघही जाणार होती. मग ब्रश भिजवला.

खुराच्या सांध्याजवळ पाच बारीक रेघा निघाल्या, हाडासारख्याच तपकिरी. तिथं मांस नसतं. तिथं सुरी फिरते ती कातड्यासाठी.

"खाल्लाता का पुरलाता?" आई दारातून म्हणाली.

"कातडं काढलंय. खाल्ला का, ते यावरून कळत नाही."

"म्हंजी पूजा न्हाई."

"तशी दिसत नाही."

"ते असते तर लय भांडले असते तुझ्याशी." ती ओसरीवर आली. "त्यायनं काई बिघडवलं का?"

"नाही. थांबले म्हणून खुणा राहिल्या."

"थांबणारच. दुसऱ्या दिवशी खुरपं सुदिक आत नेऊन ठेवलं."

ती भांडी घासायला गेली. माझं बरोबर होतं. ते सांगायला समोर कुणी नव्हतं.

नव्या ओरखड्यांची आम्ही नोंद घेत नाही. ते मोजणीतून गाळतो. मी वही उघडली. पाच रेघा लिहिल्या: जागा, लांबी, दिशा. खाली आबांच्या नावानं आणखी एक ओळ लिहिली.

'नवे ओरखडे, अकरा. खुरपं. बन्सीधर, वालूर. सांगितल्यावर थांबले.'